घुमटातल्या २४ जागा

आई-बाबांच्या मनगटांवर केशरी कागदी पट्टी होती, माझ्या मनगटावर पांढरी. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते दोघं माझ्याकडे शिकागोला आले होते. पानगळीचे रंग दाखवायचे म्हणून मी त्यांना गाडीने काही तासांवरच्या एका छोट्या पर्यटन-रेल्वेवर घेऊन गेले. जुने डबे, जुनं डिझेल इंजिन, नदीकाठाने जाऊन-येऊन अडीच तासांचा फेरा. गाडीत एक डोम कार होती. म्हणजे ज्याच्या छपरातून मधोमध काचेचा घुमट वर आलेला असतो आणि छोटा जिना चढून त्यात बसता येतं, असा डबा. घुमटातली दोनच तिकिटं उरली होती, साध्या तिकिटाच्या दुपटीहून महाग. ती आई-बाबांसाठी घेतली आणि मी खाली बसले.

अर्ध्या तासाने आई जिना उतरून खाली आली. "अगं, जा तू आता वर. मी बघितलं पोटभर. पुढे पूल आहे म्हणे, तो तू बघ."

मी उठले. जिन्यापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजोबांनी माझी पांढरी पट्टी बघितली आणि फार नम्रपणे मान हलवली. आईने तिच्या इंग्रजीत त्यांना समजावलं, की सीट एकच आहे, पैसे भरलेत, फक्त बसणारी बदलतेय. आजोबा म्हणाले की तुमचं बरोबर आहे, पण नियम तसा आहे. आई परत वर गेली नाही. माझ्या शेजारी बसून तिने डब्यातले चिवड्याचे घास सुरू केले. तिची वरची जागा गाडी परत येईपर्यंत रिकामी राहिली.

आईने तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी लोकलने नोकरी केली. तिच्या लेडीज डब्यात चौथी सीट होती आणि अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेलीला बसवायची पद्धत होती. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. माणूस उभा असताना सीट रिकामी धावते, हे तिला पटेना.

त्या रिकाम्या सीटचा मी नंतर बराच विचार केला. डोम कार वाचवणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे, तो या लेखातही कमी होणार नाही. पण जुन्या सिनेमाची दुरुस्त केलेली प्रिंट आली की समीक्षक विचारतात, काय राखलं, काय कापलं? हा प्रश्न रेल्वेच्या डब्याला कुणी फारसा विचारत नाही. मला तो विचारायचा आहे.

घुमट आला कुठून

प्रचलित गोष्ट अशी आहे. १९४४ साली जनरल मोटर्सच्या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख सायरस ऑस्बर्न कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड घळीतून इंजिनात बसून चालले होते. समोर, वर, दोन्ही बाजूंना उभे कडे. त्यांच्या लक्षात आलं, की हे दृश्य फक्त ड्रायव्हरला दिसतंय. तिकीट काढून मागे बसलेल्या माणसाला खिडकीच्या चौकटीत मावेल तेवढाच खडक दिसतो. त्यांनी काचेच्या छपराच्या डब्याची कल्पना कागदावर उतरवली.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकन मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा आणि त्याच्या छपरावर छोटी टोपीसारखी खोली. तिथे बसून कर्मचारी पुढच्या डब्यांवर नजर ठेवायचा, कुठे आस तापून धूर येतोय का, माल सरकलाय का. त्याचं बघणं म्हणजे ड्यूटी होती. ऑस्बर्न यांनी कामगाराची ती बघण्याची जागा प्रवाशाला देऊ केली.

१९४५ साली बर्लिंग्टन रेल्वेने आपल्या एका जुन्या डब्याचं छप्पर कापून पहिला घुमट बसवला आणि डब्याला 'सिल्व्हर डोम' नाव दिलं. १९४७ साली जनरल मोटर्सने चार डोम कारची 'ट्रेन ऑफ टुमॉरो' देशभर फिरवली. आणि २० मार्च १९४९ रोजी शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को उपसागर अशी 'कॅलिफोर्निया झेफर' सुरू झाली. तीन रेल्वे कंपन्यांची मिळून एक गाडी, बड कंपनीने बांधलेले स्टेनलेस स्टीलचे डबे आणि प्रत्येक गाडीत पाच घुमट. बर्लिंग्टनने घुमटाला दिलेलं नाव होतं व्हिस्टा-डोम. हे नाव ओळखीचं वाटलं असेल, त्याच्याकडे पुढे येते.

झेफर हळू गाडी होती. दुसऱ्या मार्गाने जाणारी प्रतिस्पर्धी गाडी जवळपास दहा तास आधी पोचायची. झेफरने ही उणीव लपवली नाही, उलट वेळापत्रकच तिच्याभोवती रचलं. रॉकी पर्वत आणि कॅलिफोर्नियातली फेदर नदीची घळ दिवसा, युटा-नेवाडाचं वाळवंट रात्री. वेग विकता येत नाही म्हणून त्यांनी उजेड विकला. प्रॉडक्टवर काम करणारी माणूस म्हणून मला या निर्णयाचं फार कौतुक वाटतं.

हिशोब

आता त्या घुमटाचा हिशोब बघा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे.

झेफरच्या एका घुमटात २४ जागा. पाचपैकी तीन घुमट साध्या चेअरकारवर होते, म्हणजे ७२ जागा. या डब्यांत खाली सुमारे ४६ प्रवाशांची सोय, तीन डबे मिळून १३८च्या आसपास. सर्वात स्वस्त तिकिटावर बसलेल्या दर दोन माणसांमागे घुमटात साधारण एक जागा होती. आणि या जागा विकल्या जात नव्हत्या. रेल्वेच्या हिशोबात त्या बिनकमाईच्या जागा होत्या. तुमची सीट खाली होतीच, वरची सगळ्यांची. जा, बसा, बघा, खाली या.

फार गुलाबी चित्र रंगवायला नको. सर्वात मागच्या डब्याचा घुमट स्लीपरच्या प्रवाशांसाठी होता, वर्गभेद होताच. ज्या डब्यात मधला घुमट होता, त्याच डब्याच्या एका टोकाला गाडीतल्या नोकरवर्गाची झोपायची सोय होती. पर्यटन-गाड्यांच्या माहितीपत्रकांत चमकणारं स्टील असतं, हसऱ्या गणवेशातल्या होस्टेस असतात. त्या बंकवर झोपणारी माणसं मात्र दिसत नाहीत. जुना काळ वाचवताना त्यातली गैरसोयीची माणसं आधी गाळली जातात.

तरीही १३८ साध्या तिकिटांमागे ७२ न विकलेल्या जागा, ही गोष्ट उरतेच. माझ्या मते डोम कारमधली सर्वात धाडसी कल्पना काचेची नव्हती, ही होती. काचेला स्टीलचा सांगाडा लागतो. न विकलेल्या जागेला लागते प्रवाशांवरची एक पैज, की लोक आपापसात वाटून घेतील.

याला जोडून दुसरी गोष्ट, समोरचं दृश्य. डब्याच्या छपरापेक्षा उंच बसल्यामुळे घुमटातून पुढे दिसतं: सिग्नल, बोगद्याचं तोंड, वळणावर वाकलेली आपलीच गाडी. काचेचं छप्पर असणं आणि घुमट असणं यात हा फरक आहे. १९५२ साली मिलवॉकी रेल्वेने पूर्ण लांबीचा 'सुपर डोम' आणला, वर ६८ जागा. आकडा मोठा झाला, पण वातानुकूलन यंत्रणेची उन्हात दमछाक व्हायची आणि समोरचं दिसणं छोट्या घुमटासारखं राहिलं नाही. जास्त जागा म्हणजे जास्त चांगली डोम कार, असं होत नाही.

काय वाचलं

झेफर २२ मार्च १९७० रोजी बंद झाली. विमानं, महामार्ग, तोटा. पुढच्या वर्षी अ‍ॅमट्रॅक आलं. तीन भागीदारांपैकी रिओ ग्रँड रेल्वे मात्र त्यात सामील झाली नाही. तिने डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी ही डोमवाली गाडी एकटीने १९८३च्या एप्रिलपर्यंत चालवली. त्यानंतर डबे पांगले: संग्रहालयं, खाजगी मालक, छोट्या पर्यटन-रेल्वे.

ते पांगले तरी टिकले, याचं बरंचसं श्रेय धातूला आहे. बड कंपनीने स्टेनलेस स्टील जोडण्यासाठी वेल्डिंगची खास पद्धत काढली होती आणि त्या डब्यांचा सांगाडाच स्टेनलेसचा असायचा. काही इतर डब्यांना साध्या पोलादावर वरून फक्त स्टेनलेसचा पत्रा असे. बाहेरून चकचकीत, पण आत पाणी शिरलं की पत्र्यामागे गंज. 'ट्रेन ऑफ टुमॉरो'च्या चारपैकी तीन डोम कार भंगारात गेल्या. उरली एकटी 'मून ग्लो', ती युटामधल्या ऑग्डेनमध्ये आहे.

वाचवणं म्हणजे काय, हे मला त्या पर्यटन-रेल्वेच्या शेडमध्ये बघायला मिळालं. घुमट हा छपराला पाडलेला मोठा सांधा आहे, आणि पाणी सांध्यातून शिरतं. काचेभोवतीचं रबर कडक होतं, मग थेंब आतून उतरत खालच्या फरशीपर्यंत पोचतो. मूळ डबे इंजिनाकडून येणाऱ्या वाफेवर गरम व्हायचे. अ‍ॅमट्रॅकच्या गाडीला जोडायचं तर ४८० व्होल्टची वीज घेणारी सगळी यंत्रणा नव्याने बसवावी लागते. मुख्य मार्गावर चालवायचं तर काचही सुरक्षा-नियमात बसावी लागते, म्हणजे फेकलेला सिमेंटचा ठोकळा आणि छोट्या बंदुकीची गोळी सोसणारी. सपाट काच तशी मिळते. वक्र काच करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च ऐकून घाम फुटतो. शेडमधली बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची होती आणि पगाराशिवाय काम करत होती. त्यांच्यातला एक जण गेले तीन महिने खिडकीच्या फक्त रबराच्या पट्ट्यांवर काम करत होता.

म्हणून त्या जिन्यापाशी उभ्या असलेल्या आजोबांवर मला राग धरता येत नाही. घुमटातलं महाग तिकीट विकलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात घुमट गळेल. हे गणित खरं आहे. आणि झेफरच्या बिनकमाईच्या जागासुद्धा दानधर्म नव्हता. तो विमानाशी आणि मोटारीशी लढण्यासाठी केलेला खर्च होता, आणि झेफर शेवटी ती लढाई हरली. न विकलेल्या जागांचं नाव घेऊन आजच्या स्वयंसेवकांना हिणवणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

तरी मुद्दा सुटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड जसाच्या तसा जपला, लायसन्स बदललं. एकेक रिव्हेट, आसनाच्या कापडाचा मूळ रंग, दारावरच्या अक्षरांचं वळण, सगळ्यावर वाद घालून अस्सलपणा राखला जातो. आणि ज्या नियमामुळे ही वस्तू वेगळी होती, तो नियम तिकीट खिडकीवर पहिल्याच दिवशी बदलला जातो, त्यावर चर्चा होत नाही. रंग चुकला तर पत्रं येतात. पट्टीचा रंग चुकला, असं कुणी लिहीत नाही.

न विकलेली जागा अजून आहे

त्याच वर्षी मार्चमध्ये मी एकटी आजच्या कॅलिफोर्निया झेफरने गेले होते. अ‍ॅमट्रॅकने १९८३ साली हे नाव पुन्हा सुरू केलं. गाडी दुपारी शिकागोहून निघते, दुसऱ्या सकाळी डेन्व्हर. मग चढण, वळणं, १९२८ साली उघडलेला जवळपास १० किलोमीटरचा मोफॅट बोगदा, कोलोरॅडो नदी आणि दुपारी ऑस्बर्न यांची ती ग्लेनवुड घळ. १९५० साली तिथे डोम कारचं स्मारक उभारलं होतं, नंतर ते गोल्डनच्या रेल्वे संग्रहालयात हलवलं.

या गाडीत घुमट नाही. दुमजली डबे आहेत आणि एक साइटसीअर लाउंज, जिच्या काचा वरच्या मजल्यावर छपरापर्यंत वळतात. दिसतं ते बाजूला, समोर नाही. जुन्या रेल्वेप्रेमींना ही डोम कारची गरीब नातेवाईक वाटते. मला वाटतं, वारसा हिच्याकडे आहे. इथे जागा विकत मिळत नाही. स्लीपरवाला आणि रात्रभर खुर्चीत आखडून झोपलेला एकाच बाकावर बसतात.

ती आदर्श आहे असंही नाही. डेन्व्हर सुटायच्या आधीच निम्म्या खुर्च्यांवर कोट, लॅपटॉप, पत्ते पसरले होते. एक जोडपं घळीपासून घळीपर्यंत हललं नाही, आणि त्यातला एक जण बराच वेळ झोपलेला होता. मग कंडक्टरचा आवाज आला: मंडळी, ही खोली सगळ्यांची आहे, इतरांनाही बसू द्या. तीन-चार जण उठले. मला खिडकी मिळाली. चाळीस मिनिटांनी मी उठून ती एका शाळकरी मुलाला दिली, मला कुणी सांगितलं नसतानाही.

न विकलेली जागा अशीच चालते. तिला कुणीतरी अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. पट्टीपेक्षा हे कटकटीचं आहे. पण पट्टीच्या व्यवस्थेत माझी आई दोषी ठरते आणि खुर्चीत झोपलेला माणूस नियमात बसतो.

जुन्या डोम कारनेही हे करता येतं, याचा पुरावा फार जुना नाही. 'ओशन व्ह्यू' ही १९५५ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी बांधलेली डोम कार अ‍ॅमट्रॅक कित्येक वर्षं पानगळीच्या दिवसांत न्यूयॉर्क-मॉन्ट्रियल मार्गावरच्या 'अ‍ॅडिरॉन्डॅक' गाडीला जोडायची. न्यूयॉर्कच्या बोगद्यांत तिची उंची बसत नसे, म्हणून ती ऑल्बनीपासून पुढेच असायची. त्या गाडीच्या कुठल्याही प्रवाशाला ती खुली होती, जादा पैसे नाहीत, सीट नंबर नाही. पुढे अ‍ॅमट्रॅकने ती सेवेतून काढली. तिच्याबद्दल हळहळणारे लेख काचेबद्दल आणि वयाबद्दल लिहितात. मला हळहळ वाटते ती त्या मोकळ्या जिन्याची.

नाव आपल्याकडे आलं

मुंबई-पुणे करणाऱ्यांना व्हिस्टाडोम माहीत आहे. २०१७ साली दादर-मडगाव जनशताब्दीला, २०२१च्या जूनमध्ये डेक्कन एक्सप्रेसला आणि त्याच ऑगस्टमध्ये डेक्कन क्वीनला तो डबा लागला. ४४ फिरत्या खुर्च्या, काचेचं छप्पर, टोकाला मोठी खिडकी. घाटात पावसाळ्यात तो सुंदरच दिसतो, त्यावर रील कमी नाहीत. पण तो घुमट नाही. वर विजेच्या तारा, डब्याच्या उंचीची मर्यादा. १६ फुटांच्या आसपास उंच अमेरिकन डोम कार आपल्या घाटात शिरणारच नाही. ही तांत्रिक अडचण समजण्यासारखी आहे.

न समजण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. नाव घेताना आपण काच घेतली आणि ७२ जागांचा तो हिशोब मागे ठेवला. व्हिस्टाडोम आपल्याकडे वेगळ्या भाड्याचा वेगळा वर्ग म्हणूनच जन्मला. त्याच गाडीत सेकंड क्लासमध्ये खंडाळ्याचं ढग दारातून बघणारी पोरं आहेत, दांडा धरून, जीव मुठीत घेऊन. त्यांना बघायचंय हे उघड आहे. ज्या देशात चौथी सीट आणि पाळीने बसणं लोकांनी स्वतः शोधून काढलं, तिथे न विकलेल्या २४ जागा अमेरिकेपेक्षा जास्त चांगल्या चालल्या असत्या, असा माझा अंदाज आहे. तपासून कुणी बघितलेला नाही.

मी त्या पर्यटन-रेल्वेला मेल लिहिली. तक्रार नाही, सूचना. घुमटातल्या २४पैकी १८ जागा विका, हव्या तर आणखी महाग करा. पुढच्या सहा पांढऱ्या पट्टीसाठी ठेवा, वीस-वीस मिनिटांच्या पाळीने. अडीच तासांत सात पाळ्या, ४२ माणसं. जिन्यापाशी आजोबा उभे असतातच, त्यांना नाही म्हणण्याऐवजी पुढचा नंबर पुकारू द्या. आणि केशरी पट्टीवाल्याला आपली सीट हवी त्याला देऊ द्या.

दहा दिवसांनी उत्तर आलं. पाळीची कल्पना हिवाळ्यातल्या बैठकीत मांडू, नक्की काही सांगता येत नाही. सीट दुसऱ्याला देण्याबद्दल त्यांनी मात्र लगेच ठरवलं होतं, पुढच्या हंगामापासून चालेल. मेलच्या शेवटी विचारलं होतं, तुमच्या आई पुन्हा येणार आहेत का?

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यात काय विचारायचं? तिकीट एकच काढ. आपण तिघं मिळून बसू."